रागातही ज्ञान असते

‘भावनेच्या भरात बोलू नका, मुद्द्याचे बोला,’ हे बहुधा ज्याच्यावर अन्याय झाला आहे त्यालाच ऐकवले जाते. ज्याचे काहीच गेलेले नाही, त्याला शांत राहणे सोपे असते; आणि त्या शांतपणालाच आपण तटस्थ ज्ञान मानत आलो. गेल्या चार-पाच दशकांत समाजशास्त्र आणि तत्त्वज्ञानाने या समजुतीला सुरुंग लावला.

१९८१ साली अमेरिकेतील कृष्णवर्णीय कवयित्री ऑड्रे लॉर्ड यांनी स्त्री-अभ्यासाच्या परिषदेत ठणकावले, की वंशवादाविरुद्धच्या रागाने काय चुकते आहे ते कळते आणि ते बदलण्याचे बळही मिळते. १९८३ मध्ये समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉखशील्ड यांनी डेल्टा एअरलाइन्समधील हवाई सुंदरींच्या कामाचा अभ्यास मांडला. प्रवाशाने अपमान केला तरी राग गिळून हसायचे, हा त्यांच्या नोकरीचाच भाग होता. कोणाला काय वाटले पाहिजे, हेही मालक ठरवत होता.

१९८९ मध्ये तत्त्वज्ञ ॲलिसन जॅगर यांनी पुढचे पाऊल टाकले. त्यांचे म्हणणे असे: सगळे ज्या विनोदावर हसतात तो एखादीला बोचतो. ती बोच अन्यायाची पहिली खूण असू शकते. स्त्रीवादी अभ्यासक सारा अहमद यांनी २००४ मध्ये दाखवले, की भीती आणि घृणा समाजात फिरत राहतात आणि स्थलांतरितांसारख्या ठरावीक माणसांना चिकटवल्या जातात. २००७ मध्ये तत्त्वज्ञ मिरांडा फ्रिकर यांनी ज्ञानाच्या क्षेत्रातल्या अन्यायाची मांडणी केली: ऐकणाऱ्याच्या पूर्वग्रहामुळे एखाद्याची साक्ष कमी विश्वासार्ह ठरते, तेव्हा जाणता माणूस हे त्याचे स्थानच नाकारले जाते.

भारतात राज्यशास्त्राचे अभ्यासक गोपाळ गुरू यांनी २००२ मध्ये समाजविज्ञानांतली विषमता उघड केली: दलितांनी अनुभव पुरवायचे, सिद्धांत इतरांनी मांडायचे. महाराष्ट्राने मात्र याचे उत्तर फार आधी पाहिले होते. फुले दांपत्याच्या शाळेतल्या मुक्ता साळवे यांनी १८५५ मध्ये मांग-महारांच्या दुःखावर लिहिले, ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली. दोघींच्या लेखनात संताप आणि युक्तिवाद हातात हात घालून चालतात.

प्रत्येक भावना खरी नसते. जमावाच्या द्वेषालाही धग असते. म्हणून भावना पारखून घ्यावीच लागते. पण पारखण्याआधी ऐकावे लागते. तक्रार करणाऱ्याचा आवाज चढला, तर त्याच्या सुराबद्दल बोलण्याआधी काय घडले ते विचारा.