संगणकावरच्या पलटणीत आपण कुठे?

केबिन रोडवरच्या मोबाईल दुरुस्तीच्या टपरीत बसलेला आपला पोरगा देशाचा सैनिक होऊ शकतो काय? छाती आणि उंचीच मोजणार असाल तर सांगता येत नाही. पण युद्धाची एक आघाडी आता संगणकावर उघडली आहे. तिथे डोके मोजले जाते.

२००७ साली एस्टोनियाने राजधानी टॅलिनमधला सोव्हिएत काळातील सैनिकाचा पुतळा हलविला. लगेच तिथल्या बँका, वृत्तपत्रे आणि सरकारी संकेतस्थळांवर बनावट मागण्यांचा असा भडिमार झाला की ती ठप्प झाली. एस्टोनिया 'नाटो' या लष्करी आघाडीचा सदस्य. २००८ साली टॅलिनमध्येच सायबर संरक्षणाचे केंद्र उभे राहिले. २०१६ मध्ये नाटोने जमीन, समुद्र व आकाशाच्या जोडीला सायबर क्षेत्रही रणांगण मानले. तिथले अभियंते काय करतात? हल्ला कोठून होईल ते ओळखायचे, त्यावर कोणती साधने हवीत ते ठरवायचे, ती पारखून घ्यायची आणि ३२ देशांच्या यंत्रणा एकमेकींशी जुळवायच्या. या जागा सदस्य देशांच्या नागरिकांनाच मिळतात. भारत त्यात नाही.

पण हे काम आपल्या दारातही आले आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई परिसराची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. मार्च २०२१ मध्ये राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर घातपाताचा संशय बोलून दाखविला, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक म्हटले. खरे काहीही असो, पहारा लागणारच! तिन्ही सैन्यदलांची संयुक्त सायबर संस्था देशात उभी राहिली आहे. प्रश्न एवढाच, पहारेकरी कोण?

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. इंग्रजांनी १८९२ च्या सुमारास महारांची सैन्यभरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी, पुढे शिवराम जानबा कांबळेंनी अर्ज केले. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा दार उघडले, गरज सरताच पुन्हा लावले. बाबासाहेबांच्या प्रयत्नांनी १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा कुठे ते कायमचे उघडले.

आता दार लावायला कुणाला हुकूम काढावा लागत नाही. घरात संगणक नाही, इंग्रजी कच्चे, प्रमाणपत्रांची फी बापाच्या पगाराबाहेर, एवढे पुरे आहे! सैन्यभरतीत आरक्षण नाही, खासगी कंपन्यांतही नाही. अशा वेळी तयारी हेच हत्यार.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. 'बार्टी' पोलीस व सैन्यभरतीचे प्रशिक्षण देते. त्याच तोलाने सायबर संरक्षणाचे कायमस्वरूपी, विनाशुल्क, विद्यावेतनासह प्रशिक्षण मिळालेच पाहिजे. आणि बुद्धविहारांनी, मंडळांनी जयंतीच्या वर्गणीतून दोन-चार संगणक घ्यावेत. संध्याकाळी पोरे तिथे बसू द्यावीत. डीजेचा आवाज रात्रीत विरतो, पण शिकलेला पोरगा पिढी उभी करतो!