यंत्रांच्या मागणीचे उधाण आणि ओहोटी

एखाद्या वस्तूची मागणी वाढली की ती निर्माण करणाऱ्या यंत्राचीही मागणी वाढते, हे सांगण्यास अर्थशास्त्रज्ञाची गरज नाही. परंतु ही दुसरी मागणी पहिलीच्या प्रमाणात वाढत नाही. ती कितीतरी पटींनी उसळते आणि तितक्याच वेगाने कोसळते. जे. एम. क्लार्क या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९१७ साली मांडलेले हे प्रवेगतत्त्व विद्यार्थी परीक्षेपुरते पाठ करतात. २०२० च्या कोविड साथीने प्लास्टिक उद्योगाला ते प्रत्यक्ष शिकविले.

हिशेब सोपा आहे. एका कारखान्यात दहा यंत्रे आहेत आणि त्यांपैकी एक दरवर्षी बदलावे लागते, असे समजू. मालाची मागणी दहा टक्क्यांनी वाढली, तर त्या वर्षी झिजलेल्याच्या जागी एक आणि वाढीसाठी एक, अशी दोन यंत्रे घ्यावी लागतील. म्हणजे यंत्रांची मागणी दुप्पट झाली! पुढील वर्षी मालाचा खप तेवढाच टिकला, तरी एकच यंत्र लागेल. खप मुळीच न घटता यंत्रनिर्मात्याचा धंदा मात्र निम्म्यावर येईल.

साथीच्या काळात ही दोन्ही टोके एकाच वेळी दिसली. टाळेबंदीमुळे एप्रिल २०२० मध्ये मारुती सुझुकीची देशांतर्गत मोटारविक्री शून्यावर आली. मोटारीचे बंपर, दिव्यांची आवरणे, डॅशबोर्ड हे सारे इंजेक्शन मोल्डिंग यंत्रांवर घडते. साहजिकच या क्षेत्रात नवी यंत्रे घेण्याचे कारणच उरले नाही. उलट मुखपट्ट्या, संरक्षक पोशाख, सिरिंज आणि जंतुनाशकाच्या बाटल्या यांची मागणी अतोनात वाढली.

मुखपट्टीतील गाळणीचे काम करणारा मधला थर मेल्टब्लोन कापडाचा असतो. वितळलेले पॉलिप्रॉपिलीन अतिसूक्ष्म छिद्रांतून काढून वेगवान उष्ण हवेने त्याचे तंतू ओढावे लागतात. अशी यंत्रे जगात मोजकेच कारखाने बनवितात. त्यामुळे कापडाचे भाव कडाडताच चीनमधील जिआंग्सू प्रांतातील यांगझोंग येथे शेकडो लहान उत्पादक साधे एक्स्ट्रूडर फेरफार करून या धंद्यात उतरले. मालाचा दर्जा इतका घसरला, की एप्रिल २०२० मध्ये तेथील प्रशासनाने हे सर्व उत्पादन बंद करविले. उसन्या घाईने उभारलेल्या भांडवलाची ही गत झाली.

भारताची कामगिरी निःसंशय अभिमानास्पद होती. साथीपूर्वी संरक्षक पोशाखांचे उत्पादन येथे नगण्य होते. १२ मे २०२० रोजी पंतप्रधानांनी देशात रोज दोन लाख पोशाख आणि दोन लाख एन-९५ मुखपट्ट्या तयार होत असल्याचे सांगितले. त्याच महिन्यात लघुउद्योगांसाठी तीन लाख कोटी रुपयांची हमीयुक्त कर्जयोजना जाहीर झाली. तथापि साथीची मागणी ही कायमची मागणी नव्हे. ती ओसरते, कर्जाचा हप्ता मात्र चालू राहतो. आणि कारखाना थंडावला की पहिली कुऱ्हाड कंत्राटी कामगारावर पडते.

येथे यंत्रायंत्रांतील भेद लक्षात घ्यावयास हवा. इंजेक्शन मोल्डिंग यंत्रावरील साचा बदलला, की बाटलीचे झाकण घडविणारे यंत्र दुसरा भाग घडवू शकते. मेल्टब्लोनच्या यंत्रमालिकेला अशी मुभा फारशी नसते. म्हणून कर्ज देताना बँकांनी आजच्या भावापेक्षा यंत्राच्या पर्यायी उपयोगाचा विचार करणे अगत्याचे आहे. साचे घडविणारे कुशल हात हीच या लवचिकतेची खरी किल्ली होय. त्या दृष्टीने १९६८ साली चेन्नईत सुरू झालेली सिपेट किंवा छत्रपती संभाजीनगरचे इंडो-जर्मन टूल रूम यांसारख्या संस्थांवरील खर्च हा एक प्रकारचा विमाच म्हणावा लागेल.

एकाच कामाची यंत्रे मात्र केवळ बाजाराच्या भरवशावर जिवंत राहणार नाहीत. अग्निशामक दल आगीच्या प्रतीक्षेत पोसावे लागते. त्याचप्रमाणे शासनाने सार्वजनिक रुग्णालयांसाठी अशा मालाची किमान खरेदी दीर्घ मुदतीच्या करारांनी बांधून घ्यावी. पुढील साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. त्या वेळी लागणारी क्षमता टिकविण्याचा खर्च समाजाने उचलावयाचा, की कर्जबाजारी लघुउद्योजक आणि त्याच्या कामगारांनी, हा निर्णय मात्र आजच घ्यावा लागेल.