पदव्या व पदनामांचे लेखन

विद्यापीठीय लेखनात शैक्षणिक पदव्या, त्यांची लघुरूपे आणि पदनामे लिहिण्याचे काही संकेत आहेत. इंग्रजीत मुख्य प्रश्न अक्षर मोठे की लहान, हा असतो. देवनागरीत हा भेदच नसल्याने मराठीत ते काम बव्हंशी पूर्णविरामचिन्हाकडे येते.

'पीएच.डी.' हे याचे ठळक उदाहरण होय. रोमन लिपीत यातील पहिले अक्षर मोठे व दुसरे लहान असते, कारण ती दोन्ही मिळून 'फिलॉसॉफी' या एकाच शब्दाचे लघुरूप होते. मराठीत म्हणून 'पीएच'नंतरच पूर्णविराम येतो. 'पी.एच.डी.' हे रूप सर्रास, अगदी प्रबंधांच्या मुखपृष्ठांवरही आढळते. पण त्यातून तीन स्वतंत्र शब्दांचा आभास होतो. 'एम.एस्सी.'मधील 'एस्सी' हेही 'सायन्स' या एका शब्दाचे रूप आहे. 'एलएल.बी.'मधील दुहेरी अक्षर लॅटिनमधील अनेकवचन दर्शविते, त्यामुळे ते तोडत नाहीत.

नावापूर्वी 'डॉ.' लिहिल्यास नावानंतर पुन्हा 'पीएच.डी.' लिहिणे ही द्विरुक्ती ठरते.

संस्थेच्या अधिकृत नावातील उपाधी मात्र वगळता येत नाही. भोकरदन तालुक्यातील धावडा हे गाव ज्याच्या कार्यक्षेत्रात येते, त्या मराठवाडा विद्यापीठाचा दीर्घ आंदोलनानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' या नावातील 'डॉ.' नावाचाच भाग आहे. मोठ्या अक्षराअभावी नुसत्या 'विद्यापीठ' शब्दावरून विशिष्ट संस्था ओळखता येत नाही; प्रथम उल्लेखात पूर्ण नाव द्यावे लागते.