प्रकाशतंतूची निवड : नाशिक परिसराच्या संदर्भात

मराठीत ‘तार’ हा शब्द शंभराहून अधिक वर्षे त्वरित संदेशाचा वाचक होता. जुलै २०१३ मध्ये भारतातील तारसेवा बंद झाली आणि त्या शब्दाची ही अर्थच्छटा मागे पडली. संदेशवहनातील तांब्याच्या तारेची जागा आता बव्हंशी काचेच्या तंतूने घेतली आहे. व्यवहारात त्याला नुसते ‘फायबर’ म्हणतात; त्यामुळे हा तंतू सर्वत्र एकाच जातीचा असतो, असा समज होतो. वस्तुतः त्याच्या जाती अनेक आहेत. शिवाय तंतूच्या टोकांची यंत्रे काही वर्षांनी बदलता येतात, परंतु जमिनीत पुरलेला तंतू पंचवीस-तीस वर्षे तेथेच राहावयाचा असतो. नाशिक परिसरात तर काळ्या पाषाणात चर खणण्याचा खर्च तंतूच्या किमतीहून कितीतरी अधिक येतो. म्हणून जातीची निवड हाच या विषयातील कळीचा प्रश्न होय.

तंतूचे दोन भाग असतात : आतील गाभा व त्याभोवतीचे आच्छादन. दोन्ही काचेचेच असतात, परंतु गाभ्याचा वक्रीभवनांक किंचित अधिक असतो. त्यामुळे गाभ्यात शिरलेला प्रकाश आच्छादनाच्या सीमेवरून पूर्णतः परावर्तित होत पुढे सरकतो. तत्त्व जुने आहे. अडचण होती ती काचेच्या शुद्धतेची. १९६६ मध्ये चार्ल्स काव व जॉर्ज हॉकहॅम यांनी असे प्रतिपादन केले की, प्रकाशाचा ऱ्हास काचेच्या स्वभावामुळे नसून तिच्यातील अशुद्धींमुळे होतो, आणि तो किलोमीटरला २० डेसिबेलपर्यंत खाली आणता आला तर तंतू दूरसंदेशवहनास योग्य ठरेल. २० डेसिबेल म्हणजे शंभरातील एक भाग प्रकाश शिल्लक राहणे. १९७० मध्ये अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या संशोधकांनी ही मर्यादा गाठली. पुढे १९७९ मध्ये पुणे शहरातील टेलिफोन केंद्रे जोडण्यासाठी भारतातील पहिली प्रकाशतंतु-यंत्रणा कार्यान्वित झाली. आज चांगल्या तंतूत १५५० नॅनोमीटर तरंगलांबीला हा ऱ्हास किलोमीटरला सुमारे ०.२ डेसिबेल इतकाच असतो.

तंतूंचे मुख्य वर्ग दोन : बहुमार्गी व एकमार्गी. येथे नावाने दिशाभूल होण्याचा संभव आहे. ज्यात मार्ग अनेक, त्याची वाहनक्षमता अधिक, असे वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. ‘मार्ग’ म्हणजे गाभ्यातून प्रकाशाने जाण्याच्या रीती. ५० किंवा ६२.५ मायक्रॉन व्यासाच्या रुंद गाभ्यात अशा रीती पुष्कळ असतात. त्यांतील किरण एकाच वेळी निघूनही निरनिराळ्या वेळी पोहोचतात, आणि लागोपाठचे स्पंद एकमेकांत मिसळतात. सुमारे ९ मायक्रॉनच्या गाभ्यात एकच रीत शिल्लक राहते, म्हणून हा दोष उद्भवतच नाही. १० गिगाबिट वेगाला जुना ६२.५ मायक्रॉनचा तंतू ३३ मीटरपर्यंत पुरतो, ‘ओएम ३’ जातीचा सुधारित तंतू ३०० मीटरपर्यंत. १०० गिगाबिटला मात्र याच ‘ओएम ३’ची मर्यादा साधारण ७० मीटरवर येते. यावरून बहुमार्गी तंतूचे क्षेत्र स्पष्ट होते : एका इमारतीतील संगणककक्ष. विद्यापीठाच्या दोन इमारती जोडावयाच्या असतील तरी एकमार्गी तंतूच योग्य ठरतो.

एकमार्गी तंतूतही विचार संपत नाही. मुंबई-नाशिक मार्गाचे उदाहरण घ्यावे. कसारा घाटातून येणारे हे अंतर सुमारे १७० किलोमीटर आहे. १३१० नॅनोमीटरला ऱ्हास किलोमीटरला ०.३५ डेसिबेल धरल्यास एकूण जवळजवळ ६० डेसिबेल होतो. म्हणजे सुमारे नऊ लाखांतील एक भाग प्रकाश नाशिकला पोहोचेल. १५५० नॅनोमीटरला हाच ऱ्हास ३४ डेसिबेल, म्हणजे अडीच हजारांत एक भाग. शिवाय एर्बियमयुक्त तंतूचे प्रकाशवर्धक याच पट्ट्यात काम करतात. म्हणून लांबच्या मार्गांस १५५० चा पट्टा स्वीकारला जातो.

परंतु या पट्ट्यात सामान्य तंतूचे, म्हणजे ‘जी ६५२’ जातीचे, अपस्करण अधिक असते. प्रकाशातील भिन्न तरंगलांबींचा वेग भिन्न असल्याने स्पंद पसरतो. १० गिगाबिटला एका बिटाच्या वाट्यास केवळ १०० पिकोसेकंद येतात. त्यामुळे सुमारे ८० किलोमीटरनंतर भरपाईची योजना करावी लागते. यावर उपाय म्हणून १५५० लाच अपस्करण शून्य असलेला ‘जी ६५३’ तंतू तयार झाला, आणि जपानमध्ये तो मोठ्या प्रमाणावर घातला गेला. पुढे एकाच तंतूतून अनेक तरंगलांबी पाठविण्याची पद्धत आली, तेव्हा हाच गुण दोष ठरला. अपस्करण शून्य असल्याने शेजारच्या तरंगलांबी बरोबरीने चालत राहतात आणि त्यांच्या मिश्रणातून नवे, अनिष्ट तरंग उत्पन्न होतात. म्हणून थोडे अपस्करण मुद्दाम राखणारा ‘जी ६५५’ तंतू पुढे आला. गेल्या दीड दशकात अपस्करणाची भरपाई ग्राहकयंत्रातील गणिती प्रक्रियेनेच होऊ लागली, तेव्हा सामान्य ‘जी ६५२ डी’ पुन्हा श्रेयस्कर ठरला. अतिदीर्घ मार्गांसाठी अल्प ऱ्हासाचा व विस्तृत गाभ्याचा ‘जी ६५४ ई’ हा पर्याय आहे.

पेठ, सुरगाणा यांसारख्या डोंगराळ तालुक्यांचा प्रश्न निराळा आहे. तेथे अपस्करणापेक्षा प्रकाशाचा हिशेब महत्त्वाचा. एका तंतूचे बत्तीस वाटे केल्यास विभाजनातच सुमारे १७ डेसिबेल खर्ची पडतात. २० किलोमीटर अंतराचे ७ व सांध्यांचे एक-दोन मिळून बेरीज २५-२६ होते. प्रचलित यंत्रणेची एक नेहमीची मर्यादा २८ डेसिबेलची आहे. शिल्लक राहते ती दोन-तीन डेसिबेल. पावसाळ्यात दरड कोसळून तंतू तुटला आणि सांधे वाढले की हीच शिल्लक उपयोगी पडते. म्हणून आरंभीच ती संपविणारी रचना टाळावी.

पंचवटीतील किंवा जुन्या नाशकातील अरुंद बोळांत व वाड्यांत अडचण वळणांची आहे. तंतू तीव्रपणे वाकला की प्रकाश गाभ्याबाहेर निसटतो. अशा ठिकाणी १० मिलिमीटर त्रिज्येपर्यंतची वळणे सोसणारा ‘जी ६५७ ए १’ किंवा ७.५ मिलिमीटरपर्यंत सोसणारा ‘ए २’ वापरणे इष्ट. हे दोन्ही ‘जी ६५२ डी’शी सुसंगत असल्याने सांधताना बाधा येत नाही.

सारांश, सर्वोत्तम तंतू अशी निरपेक्ष वस्तू नाही; अंतर, वेग, वाटे आणि वळणे यांच्या संदर्भातच तंतूची योग्यता ठरते. तथापि जपानच्या उदाहरणावरून एक गोष्ट निष्पन्न होते. ज्या तंतूचे गुण आजच्या एकाच यंत्रपद्धतीसाठी बेतलेले असतात, तो ती पद्धत बदलताच अडसर ठरतो. पाषाण फोडून जे एकदाच पुरावयाचे, ते निवडताना आजच्या सोयीपेक्षा उद्याच्या बदलास वाव ठेवणे अधिक हिताचे होय.