दोषांची प्रतवारी

भाईंदर आणि मीरा रोड या स्थानकांवरून रोज सकाळी मालाड-अंधेरीकडे जाणाऱ्या गर्दीत संगणकाच्या कचेऱ्यांत काम करणारी पुष्कळ तरुण मंडळी असतात. घरातील वडीलधारी माणसे त्यांना विचारतात, "दिवसभर करता तरी काय?" उत्तर मिळते, "बग पाहतो." बग म्हणजे किडा. एवढे शिकून किडे पाहायचे, हे वडिलांना पटत नाही. परंतु किडा मारण्यापेक्षा कोणता आधी मारायचा हे ठरवणे अधिक अवघड असते, आणि आज आम्हाला त्याच कामाविषयी सांगावयाचे आहे.

पुष्कळ लोक वापरतात अशा कोणत्याही प्रणालीत दोष निघणारच, आणि तक्रारी नेहमी दुरुस्त करणाऱ्या हातांपेक्षा अधिक असतात. 1998 साली मोझिलाने 'बगझिला' नावाची तक्रारवही सर्वांसाठी खुली केली. अशा वहीत "चालत नाही" एवढेच लिहिणारा मनुष्य वैद्याकडे जाऊन "बरे वाटत नाही" म्हणणाऱ्या रोग्यासारखा. काय केले, काय व्हायला हवे होते आणि झाले काय, हे तिन्ही लिहिले असेल तरच पुढची तपासणी होते. मग तीच तक्रार पूर्वी कोणी नोंदवली आहे काय, ते पाहायचे. असल्यास दोन्ही एकत्र बांधायच्या. त्यानंतर दोष आपल्या यंत्रावर पुन्हा घडवून पाहायचा.

आता असे पाहा. दोषाची तीव्रता एक आणि निकड दुसरी. एखाद्या पतपेढीची प्रणाली मार्चअखेरचा ताळेबंद काढताना बंद पडते, ही तक्रार मे महिन्यात आली तर दोष भारी, पण हातात दहा महिने आहेत. उलट, सकाळी आठ वाजता फलाटावरचा दर्शक जलद गाडीला धीमी म्हणून दाखवू लागला तर यंत्राच्या दृष्टीने चूक एका अक्षराची. मालाडला उतरणारा मात्र अंधेरीला जाऊन पोचतो. म्हणून शहाणी मंडळी या दोन गोष्टींची नोंद दोन निरनिराळ्या रकान्यांत करतात. तीव्रता बहुधा परीक्षक सांगतो. निकड ठरवताना वापरणाऱ्याचा दिवस डोळ्यांपुढे आणावा लागतो, आणि तेथेच घोटाळे होतात.

आपल्या मराठीचेच उदाहरण घ्या. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' यांत तर गुरू आणि स्वयंपाकी एवढे अंतर! ज्या संगणकावर हा अर्धा ऱ नीट उमटत नाही, तेथे अर्थच बदलतो. पण मराठी न जाणणाऱ्याच्या टेबलावर ही तक्रार गेली, तर रेघ इकडची तिकडे झाली एवढेच त्याला दिसणार, आणि तो तिला 'दिसण्यापुरती' या खणात टाकणार. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. तक्रार लिहिताना दोन्ही शब्द अर्थांसह शेजारी मांडले, तर ती वरच्या खणात जाण्याचा संभव पुष्कळ वाढतो. शिवाय तक्रार कोणाच्या दारात न्यायची हेही पाहावे लागते. दोष अक्षरांच्या साच्यात असेल, प्रणालीत असेल, किंवा मूळ संकेतसूचीतच असेल. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते 2008 साली, 5.1 या आवृत्तीत. ते केवळ एखाद्या प्रणालीच्या कारागिराने देण्याजोगे नव्हते.

सर्वांत फसवा शेरा म्हणजे "दोष पुन्हा घडवता आला नाही". हा शेरा मारून तक्रार मिटवण्याचा मोह फार असतो. थेराक-25 या कॅनडात बनलेल्या किरणोपचार यंत्राने 1985 ते 1987 या काळात सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरण दिले. 21 मार्च 1986 रोजी टेक्सासमधील टायलर गावी असा अपघात झाला. कंपनीच्या तंत्रज्ञांनी तपासले, पण दोष काही घडेना. 7 एप्रिलला यंत्र पुन्हा सुरू झाले आणि 11 एप्रिलला त्याच रुग्णालयात दुसरा रुग्ण भाजला. दोन्ही वेळा पडद्यावर 'मालफंक्शन 54' एवढीच अक्षरे उमटली होती. तेव्हा रुग्णालयाचे भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्झ हेगर यंत्रचालिकेला घेऊन बसले, आणि तिने त्या दिवशी काय काय टंकले ते पुनःपुन्हा करून पाहू लागले. अखेर उलगडा झाला. चुकून टंकलेले अक्षर सुमारे आठ सेकंदांच्या आत दुरुस्त केले की यंत्राला ती दुरुस्ती कळतच नसे. चालिकेचा हात सरावाने जलद झाला होता. तपासणाऱ्यांचा तसा नव्हता.

याआधीच्या थेराक-20 यंत्रातही हाच दोष होता, असे पुढे आढळले. पण त्यात सुरक्षेसाठी स्वतंत्र विद्युत अडसर बसवलेले होते. त्यामुळे तेथे नुसता फ्यूज उडे, आणि तो बदलून काम पुढे चाले.