कुपा पकडायला जाताना

मुलांनो, आपला भंडारा जिल्हा तलावांचा. पहाटे ढिवर बांधव तलावात जाळे टाकतात आणि ऊन चढण्याआधी रोहू, कटला बाजारात येतात. कुपा मात्र तलावात मिळत नाही. कुपा म्हणजेच टूना. तो समुद्रातला मासा, आणि समुद्र आपल्यापासून फार दूर. भंडारा रोड स्थानकाहून मुंबईच रेल्वेने सुमारे ९०० किलोमीटर आहे.

समजा, दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही मामूंकडे रत्नागिरीला गेलात. मामू मित्रांसह होडी भाड्याने घेऊन कुपा पकडायला निघणार आहेत. होडी मिरकरवाडा बंदरातून सुटेल. (बंदर म्हणजे माकड नव्हे! उर्दूतले बंदरगाह, तेच मराठीतले बंदर.) होडी चालवणाऱ्या प्रमुखाला तांडेल म्हणतात. तो आधी हिशेब करतो.

मासे ४० सागरी मैलांवर आहेत असे धरू. एक सागरी मैल म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर, म्हणजे अंतर झाले ७४ किलोमीटर. होडी ताशी ८ सागरी मैल चालली, तर जायला ५ तास आणि यायला ५ तास. इंजिनाला तासाला २० लिटर डिझेल लागत असेल, तर २०० लिटर पुरेल. तरीही तांडेल ३०० लिटर भरतो. एक भाग जाण्याचा, एक येण्याचा आणि एक अडचणीचा. मासे शोधताना होडी इकडेतिकडे फिरते, वारा उलटा होतो, आणि समुद्रात पेट्रोल पंप नसतो!

मासे कोठे असतील, याचा अंदाज हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही सरकारी संस्था देते. पाण्याचे तापमान आणि रंग उपग्रहावरून पाहून हा अंदाज बांधतात.

जून-जुलैमध्ये यंत्रनौकांना मासेमारीची बंदी असते. पण पावसाळा संपला म्हणजे धोका संपला असे नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फयान’ चक्रीवादळ कोकणावर आले, तेव्हा होड्या समुद्रात होत्या. कित्येक खलाशी परत आलेच नाहीत. म्हणून वेधशाळेने इशारा दिला, की भाडे भरलेले असले तरी सफर रद्द. मामू हळहळतील, हळहळू द्या.

प्रत्येकाला जीवरक्षक जाकीट, पिण्याचे पाणी, औषधांची पेटी आणि बिनतारी संच हवाच. दूर समुद्रात मोबाइल चालत नाही.

आता बर्फ. मला विचाराल तर या तयारीत बर्फाइतके महत्त्व दुसऱ्या कोणत्याही सामानाला नाही. मासे थंड रक्ताचे असतात, असे तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचले असेल. कुपा थोडा निराळा आहे. तो सतत पोहतो. थांबला तर त्याला श्वास घेता येत नाही. त्यामुळे त्याचे अंग भोवतालच्या पाण्यापेक्षा गरम राहते. गळाला लागून झुंजला, की ते आणखी तापते. असा मासा उन्हात पडून राहिला, तर जिवाणूंमुळे त्यात हिस्टामिन नावाचे द्रव्य वाढते. तो खाल्ल्यास तोंड लाल होते, अंगाला खाज सुटते, डोके दुखते, उलट्या होतात. पुष्कळदा माशाला वाईट वासही येत नाही. आणि कितीही शिजवले, तरी हे विष जात नाही.

म्हणून जितका मासा, तितका बर्फ. ५० किलो मासा आणायचा तर ५० किलो बर्फ. वाटेत वितळणारा वेगळा. मासा वर घेताच त्याचे रक्त वाहू देतात, आतडी काढतात, पोट धुऊन त्यातही बर्फ भरतात आणि पेटी बंद करतात. पेटीतला बर्फ संपत आला, की पाण्यात कितीही कुपे उसळोत, गळ गुंडाळायचे आणि होडी बंदराकडे वळवायची.