मामांची नाडी आणि खिशातले यंत्र

हा लेख वाचण्यापूर्वी एक छोटी गोष्ट करा. उजव्या हाताची मधली दोन बोटे डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी अलगद टेकवा. लागली नाडी? स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय मिनिटाला साधारण ७० ठोके देते असे धरले, तर दिवसाचे १,००,८०० ठोके झाले. या पंपाला रविवारची सुटी नाही!

गेल्या वर्षी माझ्या मामांच्या या पंपाने एकाएकी तक्रार केली. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी एक रोहिणी गुठळीने बंद झाली. वेळेवर उपचार झाले आणि पाचव्या दिवशी मामा सांगलीला घरी आले. वय ६२. बरोबर गोळ्यांची यादी, तंबाखूला कायमची बंदी आणि डॉक्टरांची आज्ञा: "रोज चाला, पण बेताने."

मामी गोंधळल्या. हृदयविकाराच्या माणसाने पडून राहायचे की चालायचे?

अंथरुणाकडून अंगणाकडे

मामींची शंका वावगी नव्हती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अशा रोग्याला कित्येक आठवडे अंथरुणावर निजवून ठेवीत. १९५२ साली अमेरिकेतील सॅम्युअल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाऊन या डॉक्टरांनी रोग्यांना लवकर उठवून खुर्चीत बसवण्याचा पुरस्कार केला. दुसऱ्याच वर्षी इंग्लंडमध्ये जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसमधील नोकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा, सतत जिने चढउतार करणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले. हळूहळू हे पटत गेले की हृदयही एक स्नायूच आहे आणि योग्य व्यायामाने तो सुधारतो. व्यायाम, आहार, औषधे आणि मनाला धीर यांच्या या शिस्तबद्ध कार्यक्रमाला 'हृदय-पुनर्वसन' म्हणतात.

अडचण एवढीच की घरी आल्यावर रोग्याजवळ ना डॉक्टर असतो, ना परिचारिका. किती चाललो, नाडी किती झाली, गोळी घेतली की राहिली, हे कोण पाहणार? मामांच्या मुलाने त्यांच्या मोबाइल फोनवर एक अ‍ॅप घालून दिले आणि तो पुण्याला निघून गेला.

फोनला पावले कशी कळतात?

फोनच्या पोटात सिलिकॉनची एक चिमुकली चिप असते. तिच्यात तितक्याच चिमुकल्या स्प्रिंगांवर एक सूक्ष्म वस्तुमान टांगलेले असते. फोनला धक्का बसला की जडत्वामुळे हे वस्तुमान मागे राहते. त्याला जोडलेल्या आणि शेजारच्या स्थिर पट्ट्यांमधील अंतर बदलते. अशा दोन पट्ट्या म्हणजे एक धारित्रच नव्हे काय? अंतर बदलले की धारिता बदलते, आणि त्यावरून त्वरण कळते. हा झाला त्वरणमापक.

आपण चालतो तेव्हा सेकंदाला सुमारे दोन पावले टाकतो. त्यामुळे त्वरणाच्या आलेखात तितकेच उंचवटे दिसतात. अ‍ॅप ते मोजते. म्हणजे फोन पाय पाहत नाही, फक्त हेलकावे मोजतो! खुर्चीत बसून फोन धरलेला हात तालात हलवा. बऱ्याच फोनांवर पावले वाढलेली दिसतील.

आणि ते प्रसिद्ध 'दहा हजार पावले'? जपानमध्ये १९६५ साली 'मान्पो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचा मापक, या नावाचे एक उपकरण बाजारात आले. तेथून हा आकडा जगभर पसरला. तो हृदयविकारातून उठलेल्या माणसासाठी बेतलेला नाही. मामांनी पाच-पाच मिनिटांच्या फेऱ्यांपासून सुरुवात केली.

बोटातून दिसणारे ठोके

नाडी मोजण्याची युक्ती याहून गमतीची आहे. फोनच्या कॅमेऱ्यावर आणि शेजारच्या दिव्यावर बोट ठेवायचे. प्रत्येक ठोक्याबरोबर बोटात थोडे अधिक रक्त येते. रक्तातील हिमोग्लोबिन प्रकाश शोषते, म्हणून कॅमेऱ्याकडे परतणारा प्रकाश किंचित कमी होतो. हा फरक आपल्या डोळ्यांना कळत नाही, पण कॅमेरा सेकंदाला तीसेक चित्रे टिपतो आणि त्यांतील उजेडाची चढउतार अ‍ॅप मोजते. मनगटी घड्याळात हेच काम बहुधा हिरवा दिवा करतो, कारण हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश चांगला शोषते. मात्र बोट हलले, फार दाबले किंवा गार पडले, तर आकडा चुकतो.

सूत्र बरोबर, माणूस वेगळा

आता खरी हकीकत. दुसऱ्या आठवड्यात चालून झाल्यावर मामांची नाडी ९२ भरली. अ‍ॅपने पडद्यावर लिहिले: "आणखी वेगाने चाला." मामा शिस्तीचे माणूस. त्यांनी वेग वाढवला. तरी नाडी ९६ च्या पुढे जाईना, पण धाप मात्र लागली. नववीत शिकणारी त्यांची नात शेजारून चालत होती. ती म्हणाली, "आजोबा, तुम्हाला बोलता येत नाहीये. थांबा बरं." तिने त्यांना कट्ट्यावर बसवले आणि मला फोन केला, "काका, यंत्र चुकतंय का?"

मी म्हणालो, "तू थांबवलंस ते उत्तम केलंस. आता डॉक्टरांना विचार."

यंत्राने मोजणी अगदी बरोबर केली होती. चूक अपेक्षेत होती. अ‍ॅपने एक सोपे सूत्र वापरले होते: २२० वजा वय. ६२ वर्षांच्या माणसासाठी कमाल नाडी १५८, आणि तिच्या ७० ते ८५ टक्के म्हणजे सुमारे ११० ते १३४. परंतु हे सूत्र सरासरीचे आहे. निरोगी माणसांतही त्यात १०-१२ ठोक्यांचा फरक सहज पडतो. शिवाय मामांच्या यादीत 'बीटा-ब्लॉकर' जातीची एक गोळी होती. ती मुद्दामच हृदयाची गती कमी ठेवते. अशा पहिल्या औषधांचा शोध जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकात लावला आणि १९८८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ती गोळी घेणाऱ्याची नाडी ११० पर्यंत नेण्याचा हट्ट धरणे म्हणजे ब्रेक दाबून गाडी पळवण्यासारखेच.

डॉक्टरांनी गोळ्या चालू असतानाच मामांची चालण्याची चाचणी घेतली आणि त्यांच्यापुरती मर्यादा ठरवून दिली: ८५ ते ९५. नातीने तीच अ‍ॅपमध्ये भरली. सोबत डॉक्टरांनी विनायंत्राची एक कसोटी सांगितली. चालताना बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये. बोलताही येत नसेल तर वेग जास्त झाला. आणि छातीत दुखले, चक्कर आली किंवा धाप थांबेना, तर तेथेच थांबायचे, लगेच मदत मागायची आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवायची. तेव्हा अ‍ॅप पाहत बसायचे नाही.

मग अ‍ॅपचा उपयोग काय?

उपयोग आहे, आणि तो मोजलेला आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये १२० रोग्यांवर झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. फोनच्या साहाय्याने घरीच पुनर्वसन करणाऱ्या गटात ८० टक्के लोकांनी कार्यक्रम पुरा केला, तर केंद्रावर जाणाऱ्या गटात ४७ टक्क्यांनी. पुढच्याच वर्षी सिडनीतील ७१० रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एका गटाला आठवड्याला चार साधे संदेश पाठवले जात. सहा महिन्यांनी त्या गटात २६ टक्के लोक धूम्रपान करीत होते, तर संदेश न मिळालेल्या गटात ४३ टक्के. पण लक्षात घ्या, क्वीन्सलँडच्या रोग्यांशी दर आठवड्याला एक मार्गदर्शक फोनवर बोलत असे. यंत्राच्या पाठीमागे माणूस होता.

मामांच्या पाठीमागे त्यांची नात होती. सकाळी आठला फोन गोळीची आठवण देई आणि ती घेतली की नाही हे नात पाही. तंबाखूची चंची तिनेच मामांच्या संमतीने फेकून दिली. तीन महिन्यांनी मामा अर्धा तास न थांबता चालू लागले.

तुम्ही करून पाहा

शेवटी एक प्रयोग. मित्राची नाडी आधी १५ सेकंद मोजून चाराने गुणा. मग पुरे मिनिट मोजा. पहिल्या पद्धतीत एका ठोक्याची चूक चार ठोक्यांची होते, दुसरीत ती एकच राहते. लंबकाचे एक आंदोलन न मोजता वीस आंदोलने का मोजतात, ते आता ध्यानात येईल. त्याच वेळी फोनवरही नाडी मोजा आणि दोन्ही आकडे वहीत शेजारी-शेजारी लिहा.

तुमच्याही घरी कोणी आजारातून उठलेले असेल, तर त्यांच्या फोनमधले अ‍ॅप एकदा उघडून पाहा. त्यातली मर्यादा डॉक्टरांनी सांगितलेली आहे, की अ‍ॅपने आपल्या सूत्रावरून धरलेली आहे? एवढे विचारलेत तरी तुमचा विज्ञानाचा एक तास सत्कारणी लागला.